शेजारच्या सीटवरचा ब्रेक

सोमवार, ३ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग स्कूल बंद करून तीन वर्षं झाली, पण जुन्या रजिस्टरात बरीच कोरी पानं उरली आहेत. कोरा कागद रद्दीत द्यायला माझ्या जिवावर येतं. तारीख, रस्ता, चुका, शेरा असे चार रकाने आखलेलेच आहेत. एकतीस वर्षं लोकांच्या चुका लिहिल्या, आता जरा स्वतःचं काही लिहू म्हटलं. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवणार. स्वतःच स्वतःला शेरा देणारा मास्तर म्हणजे अतिशहाणा.

लिहायचं निमित्त म्हणजे आज ठकी आली. माझी मुलगी. वय सेहेचाळीस, हाताखाली तीस माणसं, पण लहानपणी चिंध्यांची बाहुली काखोटीला मारून हिंडायची, तेव्हा पडलेलं नाव काही सुटलं नाही. चार तासांवरच्या शहरात राहते. न कळवता दारात उभी, आणि बॅग ही एवढी मोठी.

"रजा साठली होती अप्पा. म्हटलं, पंधरावीस दिवस तुमच्याकडे काढू."

रजा साठते, मान्य. पण दीड वर्षापूर्वी हिची आई गेली तेव्हासुद्धा ही पाचव्या दिवशी कामावर हजर होती. आता एकदम पंधरावीस दिवस? जावईबापूंशी काहीतरी बिनसलंय. मी विचारलं नाही. सांगेल तेव्हा सांगेल. पूर्वी टाचांचे बूट टकटक वाजवत यायची, आज पायात सपाट, पातळ तळाचे बूट. पोरीचंही वय व्हायला लागलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाजारात गेलो. ठकी म्हणाली, "चालवा तुम्हीच, मी शेजारी बसते."

गाडी स्कूलचीच. बाकीच्या दोन विकल्या, ही ठेवली. हिला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी, मधे तार. शिक्षकानं दाबला की चालवणाऱ्याचं पेडलही खाली जातं. माझं सगळं आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं.

तर आज शाळेजवळच्या चौकात पेडल आपोआप खाली गेलं. माझा पाय दुसरीकडेच होता. गाडी जागच्या जागी थांबली आणि एक सायकलवाला नाकासमोरून निघून गेला. कुठून उगवला कोण जाणे. ब्रेक अडकला म्हणून वाचला बेटा.

"तार जुनी झाली असेल," ठकी म्हणाली. पांढरीफटक पडली होती. लहानपणापासून घाबरटच आहे.

चुका: सायकलवाल्याच्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मेस्त्रीकडे गाडी नेली. पेडल परत दोनदा अडकलं होतं. मेस्त्री माझा जुना विद्यार्थी, आता स्वतःचं गॅरेज आहे. गाडीखाली गेला, बाहेर आला, हात पुसत माझ्याकडे बघण्याऐवजी ठकीकडेच बघत बसला.

"तार ताणली गेलीय मास्तर. तेल घातलंय. पण ताई आहेत तोवर त्यांना शेजारी बसवत जा. एकटे नका जाऊ."

"का रे बाबा? मी शिकाऊ आहे का?"

त्यावर त्यानं चहा मागवला. चहा आला की मेस्त्रीला जुन्या गोष्टी आठवतात. "मास्तरांनी पाय वर घेतले त्या दिवशी मी ढसाढसा रडलो होतो ताई." ते खरं आहे. आमच्या स्कूलची रीतच तशी होती. सर्टिफिकिटाला कोण विचारतो. शेवटच्या दिवशी मी माझ्या ब्रेकवरून दोन्ही पाय काढायचो आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचो. गाडी तुझी, रस्ता तुझा, मी नुसता पाहुणा. भल्याभल्यांना तेव्हा घाम फुटलेला मी पाहिलाय.

ठकी हसत म्हणाली, "माझ्यासाठी नाही घेतलेत तुम्ही."

"तू बडबड फार करायचीस चालवताना."

मेस्त्रीपुढे वेळ मारून नेली. इथं खरं लिहायला हरकत नाही. बाकीची लोकांची पोरं होती. ही माझी होती. बेचाळीस दिवस शिकवलं तिला, बाकीच्यांना वीस पुरायचे, तरी शेवटच्या दिवशी पाय उचलवेचना. ती तशीच परीक्षेला गेली, पहिल्या फटक्यात पास झाली, आणि घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तेल घालून काडीचा उपयोग नाही. आज पेडल चारदा गेलं खाली.

ठकी दुपारी अंघोळीला गेली तेव्हा जावईबापूंना फोन लावला. आडून आडून विचारलं, घरी सगळं ठीक ना?

"सगळं ठीक. तुम्ही कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय. तुमचं सांगा."

"आमचं छान चाललंय. तुम्ही काळजी घ्या अप्पा."

दोघंही लपवतायत. मी काही दुधखुळा नाही. रात्री ठकी कुणाशी तरी खालच्या आवाजात बोलते. माझी चाहूल लागली की फोन ठेवते. डोळे सुजलेले असतात. तिची आई असती तर एका बैठकीत सगळं काढून घेतलं असतं. मला गिअर कसा टाकायचा ते शिकवता येतं, पोरीला काय होतंय ते विचारता येत नाही. उद्या विचारीन.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नाही विचारलं. दुसरंच काम उरकून आलो.

पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. लायसन पुढे चालू ठेवायचं तर डोळे तपासून दाखला लागतो. ठकीला झोपेतून न उठवता सकाळी चालत गेलो. डॉक्टर नवा, तरुण, पण भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तोच. एकतीस वर्षं शिकाऊ लोकांना घेऊन मी त्या खोलीत उभा राहिलोय. वरच्या मोठ्या अक्षरापासून तळच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळं घडाघडा म्हटलं. डॉक्टर म्हणाला, "वा आजोबा, माझ्यापेक्षा चांगली नजर आहे तुमची." छाती फुगली. दाखला खिशात, अर्ज खिडकीत, तासाभरात काम फत्ते.

येताना रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलवाल्यानं शिवी हासडली. हल्लीची पिढी.

जेवताना ठकीला बातमी दिली. तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मी खुर्चीत बसलो होतो. ठकी वर्तमानपत्र घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि ते छातीशी धरून म्हणाली, "अप्पा, वाचा."

मथळा वाचला.

"त्याच्या खालचं?"

"छपाई धड नसते हल्ली."

"तो तक्ता तुम्ही पाठ म्हटलात ना?"

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. मलाही पाठ आहे तो. पाहुणे आले की लोकांची मुलं कविता म्हणायची, तुम्ही मला तो तक्ता म्हणायला लावायचात." आणि तिनं उभ्याउभ्या तो पूर्ण म्हणून दाखवला, शेवटच्या ओळीसकट.

मी म्हणालो, डोळ्यांचं जाऊ दे, हाताला सवय आहे. गाडी माझं ऐकते.

"गाडी तुमचं ऐकत नाही अप्पा. ब्रेक मी लावतेय. पहिल्या दिवसापासून. अकरा वेळा लावलाय. काल परवा त्या निळ्या दुकानासमोर शाळेतल्या मुली होत्या, चार जणी, हात धरून चालल्या होत्या. तुम्हाला दिसल्याच नाहीत. तार-बीर काही खराब नाही. मेस्त्रींना मी सांगितलं होतं गप्प बसायला."

असा संताप आला की कानशिलं तापली. माझ्या गाडीत, माझ्या ब्रेकला पाय! आणि तो मेस्त्री, ज्याला मी गाडीत कसं बसायचं तिथपासून शिकवलं, तोही सामील. दोघं मिळून मला वेड्यात काढत होते. मी जे तोंडाला येईल ते बोललो. शेवटी असं बोललो की, "तुझ्यासाठी पाय वर घेतले नाहीत ते काही उगाच नाही. तुला गाडी येत नव्हती. अजूनही येत नाही."

तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाली, "सत्तावीस वर्षं चालवतेय. आपला तो फाटकाचा खांब सोडला तर कुठं एक ओरखडा नाही." आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

जाऊ दे. जायचंच तर जाऊ दे. मी मनवायला जाणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

ठकी फाटकाजवळच्या पायरीवरून घसरून पडली. उजव्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. हाडात सळई घातली. जावई काल संध्याकाळीच पोचले. माझ्या पाया पडले नाहीत की काही बोललेही नाहीत. घाईत होते.

डॉक्टरांनी ठकीला विचारलं, कशा पडलात? ती म्हणाली, पायरीवरून. किती उंच होती पायरी? म्हणाली, एकच होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ओली होती पायरी."

पाऊस नाही, पाणी नाही, पायरी कशानं ओली होणार? पण पुढे कुणी काही विचारलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी मेस्त्री घरी आला. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. मागचा दिवा फुटलेला होता. काही न विचारता पिशवीतून नवी काच काढली आणि बसवली. जाताना गाडीची किल्ली खिळ्यावर होती ती उचलून स्वतःच्या खिशात घातली. मी पाहत होतो. तोही मी पाहतोय हे पाहत होता. चहा घेतोस का विचारलं, तर म्हणाला, नको मास्तर.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पायरी नव्हती.

सहा दिवस हे रजिस्टर उघडतो आणि मिटतो. त्या पानावर मी खोटं लिहिलंय. एकतीस वर्षांत या रजिस्टरात खोटी चूक लिहिली नाही, कुणाची लपवली नाही, आणि माझी स्वतःची आली तेव्हा पायरीवर ढकलली.

रविवारी सकाळी ती निघाली. टॅक्सी बोलावते म्हणाली. मी म्हणालो, मी सोडतो स्टँडवर. ती म्हणाली, "तुम्ही चालवणार असाल तर मी बसणार नाही." मी म्हणालो, "नको बसूस. एकटा जाऊन येतो आणि दाखवतो तुला." किल्ली घेतली, गाडीत बसलो. गाडी अंगणातून मागे मागे घेत फाटकाबाहेर काढावी लागते. तिची आई जिवंत होती तोवर दर वेळी मागे उभी राहायची, हात वर करून. या, या, बस्स. ती गेल्यापासून तिथं कुणी नसतं.

ठकी धावत येऊन तिच्या आईच्या जागी उभी राहिली. हात वर करून.

मी आरशात पाहिलं. हे मी शपथेवर सांगतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला तेच तर शिकवलं, आधी आरसा. मी पाहिलं आणि मला फाटक दिसलं, खांब दिसला. ठकी दिसली नाही. तिच्या अंगात लाल स्वेटर होता. लाल.

ती ओरडली, "अप्पा, थांबा!" मला वाटलं घरातूनच ओरडतेय, मला अडवायला. म्हणून मी ॲक्सिलरेटर आणखी जोरात दाबला.

शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

मी उतरून मागे गेलो तर ती खांबाला टेकून बसलेली. पाय भलतीकडे वळलेला. मी काय बोललो ते आठवत नाही. तिनं माझी बाही धरली, ओढून मला खाली बसवलं आणि म्हणाली, "अप्पा, ऐका. मी पायरीवरून पडले. कळलं? पायरीवरून." मी मान हलवली. शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

ते शब्द कुठले आहेत ते मला त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर आठवलं. ठकी एकोणीस वर्षांची होती. लायसन हातात आलं त्याच आठवड्यात तिनं गाडी मागे घेताना याच फाटकाचा खांब पाडला. थरथरत उभी होती. तिची आई आतून यायच्या आधी मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, "खांब मी पाडला. कळलं? मी." तिची आई शेवटपर्यंत मला त्या खांबावरून बोलत राहिली. मोठे मास्तर म्हणे, आणि स्वतःच्या दारातला खांब दिसत नाही. मी आणि ठकी एकमेकांकडे बघायचो नाही, हसू फुटेल म्हणून.

पण तो विटांचा खांब होता. चार दिवसांत परत उभा राहिला.

रविवार, २ मार्च

आज जावयांना सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, ठकी झोपलेली असताना. म्हटलं, पायरी नव्हती, मी होतो.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्या संध्याकाळीच फाटकाशी लाल काचेचे तुकडे दिसले मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तिनं पायरी म्हटलं होतं. तिचा शब्द मी कसा खोटा पाडू?"

मग म्हणाले, "ती रजा नव्हती अप्पा. तुमच्या शेजाऱ्यांनी दोनदा फोन केला होता, तुमची गाडी लोकांच्या अंगावर जाते म्हणून. तिनं बिनपगारी सुट्टी काढली. म्हणाली, मी सांगितलं तर अप्पांना अपमान वाटेल, मी नुसती शेजारी बसते, हळूहळू त्यांचं त्यांना कळेल. रोज रात्री मला फोन करून रडायची. आज कोण वाचलं ते सांगायची."

मी त्यांच्या संसारात काय बिनसलंय ते शोधत होतो. बिनसलेला मीच होतो.

जावई म्हणाले, "ती तुमच्याकडे येत राहील. मी तिला अडवणार नाही. मला मात्र थोडा वेळ द्या." माणूस भला आहे. मी त्यांच्या जागी असतो तर असा बोललो नसतो.

गुरुवार, १३ मार्च

ठकीला ते घेऊन गेले. गाडीत मागच्या सीटवर उशा लावून झोपवली. काचेतून हात हलवला तिनं. मी फाटकाशी उभा राहिलो, मग खांबापाशी उभं राहवेना म्हणून आत आलो.

लायसन परत करायला कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "मास्तर, परत करायचा अर्जच नाही आमच्याकडे. कुणी परत देतच नाही." मी म्हटलं, मग तसंच घे. तो घेईना, मी नेईना. शेवटी टेबलावर ठेवलं आणि चालता झालो. तो मागून हाक मारत होता.

शुक्रवार, १८ एप्रिल

खऱ्या डॉक्टरकडे डोळे दाखवले, ज्याचा तक्ता मला पाठ नाही अशा. उजव्या डोळ्यात काचबिंदू. गेली ती नजर परत येत नाही. डाव्यात मोतीबिंदू, तो काढतील. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणाले. दोन वर्षांपूर्वी ठकीची आई आजारी होती, आणि त्याआधी मला सगळं दिसत होतं असं मला वाटत होतं.

ठकीचा रोज आठ वाजता फोन येतो. जेवलात? थेंब घातलेत? डाव्यात की दोन्हीत? मी ती नऊ वर्षांची असताना तिला असंच विचारायचो. दात घासलेस? खालचेही? उत्तर देतो. तिच्या पायाचं विचारलं की म्हणते, "छान चाललंय." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथंच बसतो. ती रागावली तर बरं होईल. एकदा तरी रागाव गं बाई माझ्यावर.

रविवार, २२ जून

ठकी आली होती. काठी घेऊन. उजवा पाय अर्धं बोट आखूड राहणार. एका बाजूला कलून चालते. मी दारातून पाहिलं आणि पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात पळालो. मागून म्हणाली, "अप्पा, या बाहेर. बघून घ्या एकदा. मग सवय होईल." मग तिनं मला समोर उभं करून खोलीभर चालून दाखवलं.

ती गेल्यावर जुनं रजिस्टर काढलं आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचं तिचं पान शोधलं. बेचाळीस दिवस. चुकांचा रकाना गच्च भरलेला. वळताना घाई. क्लच अर्धवट. हसते. यातल्या निम्म्या चुका दुसऱ्या कुणाच्या असत्या तर मी लिहिल्याही नसत्या. शेऱ्याचा रकाना कोरा. पेन हातात घेतलं होतं. पण लिहून काय होणार. तिला ते लिहून नको होतं, मी पाय उचलायला हवे होते.

शनिवार, ६ सप्टेंबर

गाडी आज गेली. शेजारच्या गावात एक बाई ड्रायव्हिंग स्कूल काढतायत, दोन ब्रेकवाली गाडी त्यांना हवीच होती. त्या माणूस पाठवणार होत्या. ठकी म्हणाली, नको, मी आणून देते. डॉक्टरांनी तिला जवळपास चालवायला परवानगी दिली आहे. जावई म्हणाले कशाला, मेस्त्री म्हणाला मी नेतो ताई, तिनं कुणाचं ऐकलं नाही. हट्ट कुणाकडून आलाय ते सांगायला नको.

मेस्त्रीनं गाडी धुऊन आणली होती. खिशातून किल्ली काढून ठकीच्या हातात दिली. ती बसली, काठी मागच्या सीटवर टाकली. मी शेजारी बसलो. तीन वर्षांनी माझ्या जागेवर बसलो. सीट तशीच खचलेली, ब्रेकचं रबर डाव्या कडेला झिजलेलं, माझ्याच बुटानं.

तिनं गाडी मागे घेतली. मेस्त्री फाटकाशी हात वर करून उभा होता. तिनं आरसा पाहिला, मग मान वळवून पाहिलं, मग परत आरसा. खांबापासून हातभर अंतर ठेवून बाहेर काढली. इतक्या सुबक रीतीनं मी स्वतः कधी काढली नव्हती.

रस्त्याला लागलो तसं मी बूट काढले. आधी एक पाय उचलला, मग दुसरा. गुडघे कुरकुरले. पंचाहत्तरीचा माणूस सीटवर मांडी घालतो म्हणजे काय ते ज्यानं त्यानं करून पाहावं. पण घातली. समोर बघत बसलो. वाटलं, आता बघेल, आता काहीतरी बोलेल.

तिनं पाहिलं. पुढच्या कोपऱ्यावर तिला ब्रेक लावावा लागला, आणि लावताना तिनं दात आवळले ते मला दिसलं. एवढं जवळचं मला दिसतं. गाडी थांबली, पण उशिरा थांबली.

"अप्पा, पाय खाली घ्या."

"अगं, हे तुझ्यासाठी..."

"कळलंय मला कशासाठी ते." तिचे डोळे भरले होते. "पण मला जोरात दाबता येत नाही. हळू जमतं, जोरात नाही. पुढे उतार आहे. पाय खाली घ्या. मी सांगेन तेव्हा दाबा."

मी पाय खाली घेतले.

अकरा किलोमीटर आम्ही असे गेलो. ती बघत होती आणि मी दाबत होतो. "आता," ती म्हणायची. मी दाबायचो. "सोडा." मी सोडायचो. उतारावर, चौकात, रस्त्यात शेळ्या आल्या तिथं. "थोडा. अजून थोडा. बस्स." एकदाही चुकलो नाही. मधे एकदा तिला हसू आलं, म्हणाली, "हसते असं लिहाल आता चुकांमध्ये." ते पान तिनं कधी पाहिलं होतं कोण जाणे. मी रडत होतो, आणि रडताना तिचा शब्द ऐकू येणार नाही म्हणून आवाज न करता रडत होतो.

बाईंच्या अंगणात पोचलो. ठकी म्हणाली, "आता." मी दाबला. तिनं गाडी बंद केली. बाई दारातून बाहेर आल्या.

"अप्पा, सोडा. पोचलो आपण."

मला ते ऐकू आलं. पाय मात्र निघेना. तिनं आपला पट्टा सोडला, वाकून दोन्ही हातांनी माझा गुडघा धरला आणि पाय उचलून बाजूला ठेवला. मग माझे बूट शोधून एकेक करून पायात घातले. उशीर लागला, तिला वाकायला त्रास होतो. मग काठी घेतली आणि उतरून बाईंना किल्ली दिली.